मामाजींची जोडीची खरेदी

जगात कुठेही दोन देशांचं बिनसलं, की ती बातमी त्या देशांच्याही आधी पांढुर्ण्यात माझ्या मामेसासऱ्यांना कळते, असं माझं ठाम मत आहे. मामाजी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, पण नकाशाचा नाद काही सुटला नाही. दारावरून गेलेल्या म्हशी मोजाव्यात तशी ते समुद्रातली जहाजं मोजतात. एखाद्या सामुद्रधुनीत जरा कुरबूर झाली, की ताटावरून उठून बाजार गाठतात आणि एकच वस्तू दोन-दोन घेऊन येतात. मिक्सर दोन, टीव्हीचे रिमोट दोन, संत्र्याच्या बगिच्यातल्या पाण्याच्या मोटारीचे स्टार्टर दोन, इतकंच काय, रानडुकरांसाठी कुंपणाला लावायचं झटका मशीनसुद्धा दोन. जादाचा सगळा माल संत्र्याच्या क्रेटमध्ये भरून पलंगाखाली जातो. आमच्या लग्नात त्यांनी दोन इस्त्र्या दिल्या होत्या. त्यातली एक अजून खोक्यातच आहे, कारण ती उघडायची सक्त मनाई आहे.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "जवाईबापू, गोटमार पाह्यली ना? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा अन् सावरगाव नदीतून एकमेकाले गोटे मारते. पण ज्याले गोटाच मारायचा नाही, त्याचंही दूध त्या दिवशी पलीकडेच अडकते ना? तसंच आहे हे. गोटे कोणीही मारो, अडकून राहिली आपल्या रिमोटमधली चिप!" मामी माहेरच्या सावरगावच्या. त्या नुसत्या हसल्या.

मामाजींचं हे जगाचं पुराण रोज संध्याकाळी ऐकणारं माणूस एकच, मामी. त्या ओट्यावर भाजी निवडत बसतात, मामाजी खुर्चीवरून युद्धं आणि बंदरं सांगतात आणि मामी योग्य जागी "हो ना बाप्पा!" म्हणतात. मामींना कमी ऐकू येतं, म्हणून कानात मशीन असतं. घरात जोडी नसलेली ती एकच वस्तू. दुसरं घ्यायची गोष्ट निघाली तेव्हा मामींनीच मोडता घातला होता, "तुमचं ऐकाले एकच पुरे आहे."

यंदा दिवाळीनंतर आम्ही गेलो, तर कुकरच्या सहा शिट्या झाल्या तरी मामी जागच्या हलल्या नाहीत. मामाजी एका बंदरात अडकले होते, त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. मी मामींच्या कानाशी जाऊन विचारलं, मशीन कधीपासून बंद आहे?

"पोळ्यापासून," त्या हळूच म्हणाल्या. "सांगितलं असतं, तर यायनं बोलणंच बंद केलं असतं. तोंडाकडे पाहून समजते मले, कुठं 'बाप्पा' म्हणाचं ते."

इतकी वर्षं मी मामाजींची थट्टा करत आलो होतो, पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. मशीन घेऊन नागपूरला गेलो. दुकानदार म्हणाला, आतला भाग परदेशातून येतो, सध्या माल वाटेतच अडकलाय, नवीन मशीनही नाही. कधी येईल, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

परत येऊन मी मामाजींना सगळं सांगितलं, पोळ्यापासूनचंही. एरवी अशी बातमी ऐकली की त्यांना स्फुरण चढतं. आता ते उठले, पलंगाखालचा एकेक क्रेट बाहेर ओढला आणि त्यातली प्रत्येक वस्तू उलटीसुलटी करून पाहिली. मामींच्या कानाला उपयोगी पडेल असं त्यात काहीच नव्हतं. "सारं दोन-दोन घेतलं," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मामी नेहमीसारख्या मेथी घेऊन ओट्यावर बसल्या. मामाजींनी खुर्ची आणली, पण रोजच्या जागी ठेवली नाही. अगदी मामींच्या समोर ठेवली, तोंड दिसेल अशी. मग या माणसाला कधी जमेल असं मला वाटलं नव्हतं, इतक्या सावकाश ते म्हणाले, "जगाचं जाऊ दे. तुले काय सांगाचं आहे, ते सांग."

त्यांचं बोलणं थांबलेलं पाहून मामींनी सवयीनं मान हलवली, "हो ना बाप्पा!"

मामाजींनी खुर्ची आणखी जवळ ओढली आणि तेच पुन्हा विचारलं.