हिरव्या रंगाखाली माझं घर

"ए बाई, हात लावू नको. नकाशा मळेल."

सायेब असं बोलला आन् मी बोट मागं घेतलं. उसाच्या पाचटानं चिरलेलं, काळं पडलेलं बोट. माझी मलाच लाज वाटली. आता त्या लाजंचाच राग येतो.

नगरपालिकेत शहराचा नवा आराखडा भिंतीला लावला हुता. आमची वस्ती गावाच्या कडंला. मी सातवी शिकलेली. नाला सापडला, मारुतीचं देऊळ सापडलं. दोन्हीच्या मधी आमी पायजे. तिथं नुसता हिरवा रंग, वर लिहिलेलं: बगीचा.

"सायेब, हितं आमची घरं हायती."

"कोणी राहत नाही तिथं. ड्रोननं वरून फोटो काढलेत. मोकळी जागा आहे."

तवा ध्यानात आलं. दिवाळी झाली की आमी ऊसतोडीला श्रीरामपूरकडं जातो. जाताना घरावरची ताडपत्री काढून संगं नेतो, उसाच्या फडात ऱ्हायला कोपी घालतो, त्या झोपडीवर टाकायला. दुसरी कुठनं आनायची? मागं ऱ्हात्यात कमरंएवढ्या भिंती. फोटो काढला तवा आमचं छप्पर आमच्याच डोक्यावर हुतं, पन तिकडं फडात.

सायबाला हे सांगितलं. तो शेजारच्याकडं बघून हसला.

"घर सोबत घेऊन फिरतात, आणि नकाशात जागा पाहिजे!"

सगळं हापिस हसलं. हरकत घ्यायची मुदत बी गेली म्हनं. मुदत चालू हुती तवा मी मोळ्या बांधीत हुते. नवरा दाराशी उभा. "चल," म्हनला, "आपलं काय चालतंय हितं." खरंच काय चालत न्हवतं.

मग सायबानं एक कागद सरकवला. आमी मागाहून येऊन अतिक्रमण केलं, जागा सोडतो, असं लिहिलेलं. "सही कर. पुढं कुठं जागा निघाली तर बघू."

मी दोनदा वाचलं. त्या घरात माझी सासू वारली, माझी दोन लेकरं जन्मली. मागाहून आलो व्हय आमी?

"न्हाई करत."

"मग बुलडोझर आल्यावर रडू नको."

बाहेर पायरीवर बसून लई रडले. बुलडोझर येईल बी. माझ्यानं थांबंल का, ठावं न्हाई.

पन यंदा दिवाळी झाली, टोळी न्यायला मुकादमाचा ट्रॅक्टर आला, नवऱ्यानं ताडपत्रीच्या दोरीला हात घातला. मी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे वर." आमची जोडी मोडली म्हनून मुकादमानं शिव्या घातल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात; नवरा कोपीवर टाकायला जुनी लुगडी घेऊन एकटाच गेला, अर्धा कोयता म्हनून. त्याला थंडी वाजत असंल. मला झोप लागत न्हाई.

मी हितंच हाय, ताडपत्रीखाली. आता काढा वरून फोटो.