एकादशीची वळकटी

परतूरच्या जेठमलची वळकटी दर शुद्ध एकादशीला घरातून निघायची ती पौर्णिमा उलटल्यावरच परत यायची. वळकटीमागं अर्थातच जेठमल. घरात धडधाकट खाट असताना हा गडी पाच दिवस दुकानात सरकीच्या पोत्यांशेजारी झोपायचा. का, तर आईचा नवस! मूल होईपर्यंत हे पाच दिवस नवराबायकोनं लांब राहायचं, असं लाडबाईंनी जेठमलच्या लग्नातच देवापुढं बोलून ठेवलं होतं. मुलासाठीच, बरं का!

त्यांची सून प्रेमबाई. लग्नाला सहा वर्षं झाली, तरी कूस उजवली नव्हती. अंगारे झाले, धागे झाले, जांबेच्या देवाला खेपा झाल्या, शेजारणीनं दिलेली कडूजहर मुळीही पोटात गेली. शेवटी १९५२ च्या दिवाळीत लाडबाईंनी अंबडची एक मुलगी बघून ठेवली आणि सांगून टाकलं, आखातीजेपर्यंत, म्हंजी अक्षय्य तृतीयेपर्यंत वाट बघू, मंग जेठमलचं दुसरं लग्न. जेठमल खाली मान घालून बसला. प्रेमबाईनं दाराआडून सगळं ऐकलं. सवतीच्या हाताखाली जन्म काढायचा?

मार्गशीर्ष सरता सरता, कान दुखतो असं सांगून ती सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या नर्स विमलबाई तोंडानं फटकळ, पण मनानं निर्मळ. बाहेर कधी बसतेस, त्यांनी विचारलं. दर अमावास्येला, प्रेमबाई म्हणाली, कधी चुकत न्हाई. विमलबाईंनी बोटांवर दिवस मोजले आणि पौर्णिमेच्या आधीचे चार-पाच दिवस घरात काय असतं ते विचारलं. प्रेमबाईनं लाजत वळकटीची हकीकत सांगितली. विमलबाई आधी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या, मग भडकल्या.

“अगं बाई, तुझा गर्भ राहायचा तर याच दिवसांत राहणार. आणि नेमका तेव्हाच तुझा धनी दुकानात!”

दर महिन्याला फळ येईलच असं न्हाई, हेही त्यांनी सांगितलं. मुळ्या बंद कर म्हणाल्या. सहा महिन्यांत काही झालं न्हाई तर नवऱ्यालाही घेऊन ये, दोष काय बाईतच असतो का, असंही बजावलं.

आता हे सासूला सांगायचं कुणी? प्रेमबाईनं सहा वर्षांत सासूसमोर घूंघट वर केला नव्हता. तीन दिवस ती नुसती घुटमळली. चौथ्या दुपारी सासूचे पाय चेपता चेपता, मान खाली घालून, तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं. आता लाथ बसणार, अशी तिची खात्री होती.

लाडबाई उठून बसल्या. सून बाहेर बसली की भाकऱ्या त्यांनाच थापाव्या लागत, म्हणून तिची अमावास्या त्यांना पक्की ठाऊक होती. त्यांनीही बोटं मोजली. एकदा मोजली, परत मोजली. चेहरा पार उतरला.

“म्हंजी सहा वर्षं मीच आडवी आले?”

प्रेमबाई पाय चेपत राहिली.

पुढच्या एकादशीला जेठमल सवयीनं वळकटी काखेत मारून निघाला. लाडबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. “ठेव ती खाली,” त्या म्हणाल्या. “नवस मी बोलले, देवाला मीच समजावते.” तो बिचारा वळकटीकडं आणि आईकडं आळीपाळीनं बघत राहिला.

पौष गेला, माघ गेला, दोन्ही अमावास्यांना प्रेमबाई बाहेर बसली. दुसऱ्या वेळी ती कोपऱ्यात तोंड झाकून रडली. आखातीज आता दूर नव्हती. लाडबाई भाकऱ्या थापत बसल्या.

मग फाल्गुनातली अमावास्या आली. लाडबाईंनी सकाळीच पीठ मळायला घेतलं, तर चुलीपुढं सून आधीच बसलेली. दुसऱ्या दिवशीही तीच, चौथ्या दिवशीही तीच. महिनाभर दोघींनी जीव मुठीत धरला. चैत्राच्या अमावास्येलाही भाकरी सुनेच्याच हातची होती, आणि दुसऱ्याच दिवशी विमलबाईंनी तपासून दिवस गेल्याचं सांगितलं. हुश्श! जेठमल दुकान उघडं टाकून घरी धावला. लाडबाईंनी अंबडला निरोप धाडला, मुलीला दुसरं चांगलं स्थळ बघा.

आखातीजेच्या दिवशी त्यांनी सुनेला जवळ बसवून घेतलं आणि स्वतःच्या हातानं तिचा घूंघट मागं सारला. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

“मला माफ कर,” त्या म्हणाल्या, आणि सुनेच्या ताटात गरम भाकरी वाढली.