जाड कड भिंतीकडे

मिस्त्रींना 'एकेक मिस्त्री' हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच सांगता येणार नाही, पण ते त्यांना असं चपखल बसलं की दुकानाच्या पाटीवरचं खरं नाव उडून गेल्यावर ते पुन्हा रंगवायची गरज कोणाला वाटली नाही. ट्रक दुरुस्तीला आला की बाकीचे मिस्त्री तीन-चार भाग एकदम बदलून मोकळे होत. हे एक भाग काढत, बघत, जागेवर बसवत, गाडी फिरवून आणत आणि मगच दुसऱ्याला हात लावत.

"चार गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी बरी होईल, पण रोग काय होता ते कळणार नाही," असं ते म्हणत.

"आम्हाला रोगाशी काय करायचंय?" घाईतला एखादा ड्रायव्हर वैतागे.

"मग घाईच्या मिस्त्रीकडे जा. याच गल्लीत तिघे आहेत."

जाणारे जात, आणि त्यांतले निम्मे महिन्याभरात तोंड पाडून परत येत.

दुकान म्हणजे एक लांबट शेड. मध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा, मागच्या भिंतीला टेकून लाकडी टेबल आणि त्यावर मिस्त्रींच्या गुरूंकडून आलेला, काम घट्ट धरून ठेवणारा लोखंडी शिकंजा. शेडच्या कडेनं लोखंडी जिना वर जाई, आणि वर दोन खोल्यांचं घर. मिस्त्रींचं वय एकसष्ट, गुडघे कुरकुरणारे, पण कामाची शिस्त तीच. काढलेले नट ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं ट्रेमध्ये मांडायचे. जो भाग उलटसुलट कसाही बसू शकतो, त्याच्यासाठी एक खूण मनात पक्की ठेवायची. अशा खुणा त्यांनी चाळीस वर्षांत गोळा केल्या होत्या आणि त्यांतली एकही कधी दगा देऊन गेली नव्हती.

एका सकाळी त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, काचा वाहायचा ट्रक घेऊन आला. बावीस वर्षं तो एकाच काचवाल्या मालकाकडे होता. खिडक्यांच्या मोठमोठ्या काचा लाकडी घोडीवर तिरक्या उभ्या करून तो गावोगाव पोचवी. त्याच्या हातून काच फुटत नाही, अशी त्याची ख्याती होती. ट्रकही आता एकोणीस वर्षांचा झाला होता.

"दाजी, गाडी थरथरते."

"कधी?"

"पंचेचाळीस ते पंचावन्नच्या मध्ये. खाली नाही, वर नाही."

"वर तू कधी जातोस?"

"काचा घेऊन वर जायचं असतं तर विमान नसतं चालवलं?" मेहुणा हसला, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. तो स्टुलावर बसला. "महिन्यात दोन मोठ्या काचा तडकल्या. मालक म्हणतात, गाडी नाही, तुझे हात थरथरतात. दोन गॅरेजमध्ये दाखवली. टायर बदलले, चाकं तपासली. कोणालाच काही सापडत नाही. आता मालक म्हणाले, तुझ्या दाजींना दाखव, ते नात्यातले असले तरी खोटं सांगणार नाहीत. त्यांनी गाडीत दोष काढला तर गाडी दुरुस्त करू. नाही तर एक तारखेपासून तू गोदामात बस, गाडी दुसरा चालवेल."

एक तारखेला सहा दिवस होते.

मेहुण्यानं आपले दोन्ही पंजे पुढे धरून बघितले. "खरं सांगू? सकाळी घरात कोणी उठलेलं नसतं तेव्हा मी पेला काठोकाठ भरून हातात धरतो. कधी सांडत नाही. कधी सांडतं."

मिस्त्रींनी किल्लीसाठी हात पुढे केला. त्यांनी गाडी घेतली आणि हमरस्त्यावर पन्नासवर नेली. एक तळवा सीटवर, मग गिअरच्या दांड्यावर, एक पाय केबिनच्या तळावर सपाट. काही नाही. एकोणीस वर्षांच्या गाडीची खडखड होती, पण ती म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखी, सवयीची. थरथर नव्हती.

मग त्यांच्या पद्धतीनं तपास सुरू झाला. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा लांब शाफ्ट त्यांनी उतरवला. त्याच्या टोकांचे क्रॉस, म्हणजे सांधे, हातानं फिरवून बघितले. ते लोण्यासारखे फिरत होते. शाफ्ट बसवला, गाडी फिरवली. मग इंजिनाखालची रबरं. पुन्हा गाडी फिरवली. मग मागच्या ब्रेकचे ड्रम. दोन दिवस गेले. प्रत्येक भाग जणू हात जोडून सांगत होता, मी नाही त्यातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला वर गेले तेव्हा बायको दारातच उभी होती.

"अहो, सापडलं?"

"नाही."

"मग सापडलं म्हणा."

"काय सापडलं म्हणू?"

"मला काय विचारता? तुमच्या त्या गाडीत शंभर भाग असतील, एकाचं नाव घ्या. चाळीस वर्षं खरंच बोलत आलात ना? मग माझ्या भावापायी एकदा खोटं बोललात तर काय आभाळ कोसळणार आहे?"

मिस्त्रींनी हात धुतले आणि नीट पुसले. "आणि त्याचे हात खरंच थरथरत असतील तर? गाडीत काचा मागे असतात. माणसं पुढे असतात, रस्त्यावर."

बायकोनं ताट वाढलं, पण समोर बसली नाही. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथून खालचा ट्रक दिसत होता, आणि ट्रकच्या पायरीवर बसलेला भाऊही.

मिस्त्रींना घास जाईना. मेहुण्याचं बोलणं त्यांनी मनात पहिल्यापासून पुन्हा ऐकलं. काचा तडकल्या. काचा घेऊन जाताना. ते ताटावरून तसेच उठले आणि जिना उतरले.

"काय रे, काचा पोचवून रिकामा परत येतोस, तेव्हाही थरथरते का?"

मेहुण्यानं आठवून बघितलं. "नाही. येताना नाही."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटायचं..." तो अडखळला. "मला वाटायचं, काचा उतरल्या की माझी भीती उतरते, म्हणून थरथर जाते."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला तो स्वतःसाठी. भरलेला ट्रक गॅरेजमध्ये कोणी आणत नाही. माल उतरवूनच गाडी येते. दोन गॅरेजवाल्यांनी रिकामी गाडी पळवली, आणि स्वतः मिस्त्रींनीही तेच केलं. पेशंटला झोपवून तपासलं, आणि त्याला दुखत होतं ते चालताना.

शेजारी सिमेंट-वाळूचं दुकान होतं. तिथून वाळूची पोती आणून, हमालाच्या मदतीनं दोघांनी काचांच्या वजनाइतकी पोती ट्रकमध्ये भरली. मिस्त्री चालवायला बसले, मेहुणा बाजूला. चाळीस. बेचाळीस. सेहेचाळीसला केबिनच्या तळातून एक बारीक कंप उठला, पायातून मांडीत आला, आणि पन्नासला स्टिअरिंगही गुरगुरू लागलं.

"आली," मिस्त्री म्हणाले.

"तुम्हाला आली?"

"आली की रे."

मेहुण्यानं तोंड बाहेर फिरवलं आणि बराच वेळ तो शेतांकडे बघत राहिला.

परत आल्यावर मिस्त्रींनी पोती तशीच ठेवून गाडी खड्ड्यावर घेतली आणि खाली उतरले. नातीच्या कंपासपेटीतला जुना कोनमापक त्यांच्याकडे होता. त्याच्या मध्यावर दोरा ओवून त्याला एक नट लटकवलेला. शाफ्टच्या पुढच्या टोकाचा कोन आणि मागच्या टोकाचा कोन सारखे असले तर फिरताना एकाचा झटका दुसरा खातो. नसले तर गाडी थरथरते. पुढचा कोन जवळजवळ शून्य होता. मागचा आठ अंश. रिकाम्या गाडीत हे दोन कोन कसेबसे जुळत असणार; भार पडून चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबले, शाफ्ट आडवा झाला, की मागचं टोक वर तोंड करून राही.

पण एवढं वर का? त्यांनी बॅटरी धरली. पाट्यांचा जुडगा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडाची एक पातळ पाचर असते, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला बारीक. जाड कड पुढे हवी. ती मागे होती. दोन्ही बाजूंना.

चार महिन्यांपूर्वी या गाडीचा पाटा तुटला होता आणि तो बदलण्याचं काम याच खड्ड्यावर झालं होतं. पाचरीसाठी मिस्त्रींची खूण ठरलेली होती: जाड कड भिंतीकडे. गाडी नेहमी तोंडानं आत येते, तोंड भिंतीकडे, म्हणजे जाड कड पुढे. चाळीस वर्षांत ही खूण चुकली नव्हती.

"तू चार महिन्यांपूर्वी गाडी आत कशी घातली होतीस?" त्यांनी खालून विचारलं.

"उलटी. रस्ता खणला होता ना तुमच्या गल्लीत, वळायला जागाच नव्हती. तुम्हीच तर मागे उभं राहून 'येऊ दे, येऊ दे' करत होता."

मिस्त्रींनी खड्ड्यात बॅटरी बंद केली. वर कोणाला काही दिसत नव्हतं. पाटे दमले होते, ते उचलून नीट केले, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मेहुण्याची गाडी मेहुण्याकडे राहिली असती, बायको खूष झाली असती, आणि त्यात खोटंही जेमतेम अर्धंच होतं. ते शिडी चढून वर आले.

"पाचर उलटी बसली आहे."

"कोणी बसवली?"

"मी."

 हसावं की चिडावं ते मेहुण्याला कळेना, आणि मग कळलं.

"चार महिने, दाजी. चार महिने मी स्वतःचे हात बघत होतो. बायकोनं डॉक्टरकडे नेलं. पोरगी म्हणाली, बाबा आता आराम करा. मी हो म्हणायच्या बेतात आलो होतो." तो उठला आणि चालत बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी एकट्यानं काम केलं. पाचरी काढल्या, छिन्नीनं प्रत्येकीवर पुढची दिशा दाखवणारा बाण कोरला, आणि मग बसवल्या. पोत्यांसकट गाडी पन्नासवर नेली. निवांत.

मालक संध्याकाळी आले. मेहुणाही आला, पण लांब उभा राहिला. मिस्त्रींनी सगळं सांगितलं, उलट्या आलेल्या गाडीपासून.

"म्हणजे माझ्या काचा तुम्ही फोडल्या?"

"हो."

"आणि वर तोंड करून सांगताय?"

"त्याचे हात चांगले आहेत, हे तुम्हाला कळणं गरजेचं होतं, म्हणून. अर्धं सांगितलं असतं तर तुम्ही ते अर्धंच मानलं असतं."

मालकांनी ट्रकभोवती एक फेरी मारली. "उद्या अकरा काचांची खेप आहे. नेऊन दाखवा. त्यावर ठरेल."

रात्री बायको म्हणाली, "खोटं बोला म्हटलं तेव्हा बोलला नाहीत. आता खरं बोलून भाऊ रुसला. तुम्हाला संसार करायला कोणी शिकवलंच नाही." पण तिनं ताट वाढलं आणि समोर बसली.

सकाळी काचा भरून ट्रक दुकानासमोर थांबला. मेहुण्यानं आतून डावं दार ढकललं. "बसा. फुटली तर शिव्या घालायला कोणी तरी शेजारी हवं."

मिस्त्री चढले. हमरस्त्यावर मेहुण्यानं काटा पन्नासवर आणला आणि तिथेच धरून ठेवला. दहा-बारा किलोमीटर गेले. मागे घोडीवरच्या काचा गप्प उभ्या होत्या.

"पुढच्या वेळी पाट्याचं काम निघालं," मेहुणा अखेर म्हणाला, "की मी समोरच्या टपरीवर चहाला जाणार नाही. खड्ड्यात उतरून तुमच्या डोक्यावर उभा राहीन."

"राहा."

"आणि चुकलात तर ताईला सांगेन."

"ते मात्र नको रे," मिस्त्री म्हणाले, आणि मेहुणा पहिल्यांदा मोकळा हसला.

काचा उतरवून झाल्यावर मालकांचा फोन आला. मेहुण्यानं फोन कानाला लावला. मिस्त्रींना दोन्ही बाजूंचं ऐकू येत होतं.

"किती फुटल्या?"

"अकरा भरल्या, अकरा उतरवल्या."

पलीकडे वहीची पानं चाळल्याचा आवाज आला. मग मालक म्हणाले, "उद्या सातला ये. लांबची खेप आहे."