साडेचारची उतरती गाडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे यातला बराचसा भाग लोकांना माहीत आहे – छापून आलेला आहे, कदाचित तुम्हीही वाचला असेल. जो छापला गेला नाही तो माझ्याजवळ राहिला. दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. स्वतःची एक बातमी मी तपासायला दिली नाही.

आधी माहीत असलेलं सांगते. तेच सोपं आहे.

नेरळहून माथेरानला चढणारी छोटी गाडी गावाबाहेर पहिलं मोठं वळण घेते, तिथे रुळांना लागून आमचं घर होतं. घर म्हणजे मुळात गवताची वखार. एके काळी डोंगराखालचं गवत तिथे दाबून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. तो अण्णांचा – माझ्या वडिलांचा – धंदा. आम्ही विठ्ठलवाडीला राहायचो आणि अण्णा रोज वखारीवर जायचे. तबेले हटले, धंदा बसला. अण्णांनी वखार विकली नाही, तिचंच घर केलं. दीड हात जाडीच्या दगडी भिंती, भरलेली बैलगाडी आत यावी एवढा दरवाजा आणि खिडकी एकही नाही. गवताला खिडकी कशाला लागते? अण्णांनी रुळांच्या बाजूने एक फोडून घेतली. ज्या तुळईला गठ्ठे तोलायचा काटा टांगलेला असायचा, तिला झोपाळा टांगला. आई गेल्यानंतर त्यांचा दिवस त्या झोपाळ्यावर, त्या खिडकीशी जायचा.

गाडी तिथून माणसाच्या चालीने जाते. हौशी लोक उतरून फोटो काढतात आणि पळत येऊन पुन्हा चढतात. अण्णा हात हलवायचे, डब्यातून लोक ओरडायचे. पुढे काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले. हात हलवणं मात्र सुटलं नाही.

डोळे गेले तसा त्यांचा दिवस शिट्टीवर बसला. सकाळची गाडी वर गेली की अंघोळ. दुपारची खाली आली की जेवण. संध्याकाळी साडेसहाची उतरती गेली की देवापाशी दिवा, रामरक्षा, दूधभात आणि झोप. पावसाळ्यात गाडी बंद असते. ते चार महिने अण्णा रेडिओवर चालायचे. महिन्यांचा हिशेब त्यांच्या हातून केव्हाच सुटला होता, पण दिवसाचा पक्का होता.

मी ठाण्याला एका दैनिकाच्या डेस्कवर होते. अण्णांना एकटं ठेवता येईना, म्हणून घरून काम मागून घेतलं आणि वखारीत राहायला गेले. सकाळी यशोदा यायची – पलीकडच्या वाडीतली, वयाने माझ्याएवढीच. स्वैपाक करून, अण्णांना जेवायला वाढून दुपारी निघून जायची. त्यानंतर आम्ही दोघंच.

एका पावसाळ्यात रुळांखालची खडी बरीच वाहून गेली आणि दसऱ्यानंतरही गाडी सुरू झाली नाही. दिवाळी झाली. अण्णा झोपाळ्यावर बसून राहायचे. पाऊस संपला म्हणजे रेडिओचे दिवस संपले, हे त्यांच्या मनाने घेतलेलं. ताट समोर ठेवलं तरी विचारायचे, “गाडी गेली नाही गं अजून. जेवू कसा?” हट्ट नव्हता त्यात. अडचण सांगावी तसं सांगायचे. महिनाभरात अंगावरचा सदरा ढगळ झाला.

तेव्हा मला माझ्या फोनमध्ये आदल्या वर्षीचं एक रेकॉर्डिंग सापडलं. उतरत्या गाडीची शिट्टी, चाकांची खडखड आणि मध्येच एका बाईचा खणखणीत आवाज – “ओ आजोबा, टाटा!” मी छोटा स्पीकर खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवला आणि साडेसहाला ते लावलं.

अण्णांचा हात वर गेला.

“सुरू झाली गं, कुंदे!”

“हो अण्णा. सुरू झाली.”

त्या दिवशी त्यांनी दूधभात दोनदा मागून घेतला. मग मी सकाळी आणि दुपारी नुसती शिट्टी लावायचे, आणि संध्याकाळी पूर्ण गाडी. त्या बाईचा आवाज रोज यायचा आणि रोज अण्णा तिला हात करायचे. आठवड्याभराने म्हणाले, “ही बाई रोज जाते वाटतं. वर शाळेत मास्तरीण असेल.”

“असेल की.”

“एक दिवस रजा नाही हो तिची! तुमच्या पेपरात आहे का असं कुणी?”

मी हसले. तेही हसले. ते हसणं खोटं नव्हतं – हे मला आजही म्हणावंसं वाटतं. का वाटतं?

पुढे आमच्याच पेपरातल्या एका सहकाऱ्याने यावर रविवारच्या पुरवणीत लेख लिहिला. तो सकाळी आला, अण्णांशी बोलला. मला विचारलं, “रोज ठरलेल्या वेळी लावता?” मी म्हणाले, “हो, ठरलेल्या वेळी.” लेखाचं प्रूफ मी स्वतः वाचलं आणि दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. लेख खूप लोकांनी वाचला. अनोळखी माणसांनी पत्रं लिहिली. आता मी डोंबिवलीत राहते, अण्णांना जाऊन काही वर्षं झाली, वखारीला कुलूप आहे, छोटी गाडी पुन्हा धावते – आणि अजून कुणीतरी मला ओळखतं ते त्या लेखामुळे. मागच्याच महिन्यात वर्तकनगरची एक बाई भेटली. तिचे वडील कारखान्यात होते. कारखाना कधीच बंद पडलाय, पण ती त्यांना फोनवर भोंगा ऐकवते, मग ते उठून तोंड धुतात. माझा हात हातात धरून म्हणाली, “तुमच्यामुळे सुचलं हो.”

मी तिला काही सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे.

त्या लेखातलं एकही वाक्य खोटं नाही. डेस्कवर आम्ही नव्या वार्ताहरांना शिकवतो – काय, कोण, कुठे, केव्हा, का. त्या लेखात केव्हा नव्हतं. मी प्रूफ वाचलं तेव्हा ते नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. सवयीने पेन्सिल समासापर्यंत गेली – आणि मी ती खाली ठेवली.

संक्रांतीच्या सुमारास एक दिवस माझं डोकं दुखत होतं. सकाळपासून अण्णांच्या हाका चालू होत्या. पाणी दे, पंचा कुठाय, कुंदे आहेस ना, काही नाही गं, आहेस ना एवढंच विचारलं. मी सहाला गाडी लावली. अर्धा तास आधी. अण्णांनी त्या बाईला हात केला, दिवा लावायला सांगितला, रामरक्षा म्हटली, जेवले आणि झोपले. मी चहा घेऊन बाहेर ओट्यावर बसले. डोंगरावर अजून थोडा उजेड होता. रुळांमध्ये गवत वाढलेलं. कुणी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखत नव्हतं. तरी मी सहालाच गाडी लावली.

मग साडेपाच. मग पाच. होळीपर्यंत उतरती गाडी साडेचारला जायला लागली होती. लेखासाठी सहकारी आला तो त्यानंतर.

लोक ऐकतील तर म्हणतील, बिचारीला काम असेल. नव्हतं. तपासायच्या बातम्या सातनंतर यायच्या. साडेचार ते सात मी काहीही करत नव्हते. बसून राहायचे. जिवंत माणसाचे दोन तास मी रोज काढून घेत होते आणि ओट्यावर बसून चहा पीत होते. यात माझं प्रेम कमी होतं का? तसं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. मी त्यांचे पाय चेपायचे, नखं कापायचे, दूधभात गार करून द्यायचे. साडेचारला.

त्यांनी मध्येच कधी रेडिओ लावला तर सातच्या बातम्यांनी घोटाळा झाला असता, म्हणून तो बिघडला असं सांगितलं. तो बिघडला नव्हता. मी सेल काढून ठेवले होते. अण्णा म्हणाले, “दुरुस्तीला टाक सवडीने.” पुन्हा विचारलं नाही.

लवकर झोपवलेला माणूस लवकर जागा होतो. पहाटेच्याही आधीपासून ते अंथरुणात पडून सकाळच्या गाडीची वाट बघायचे. माझी झोप मोडू नये म्हणून हाक मारायचे नाहीत. हे मला कसं ठाऊक? मी जागी असायचे.

आणि एका संध्याकाळी – फाल्गुन संपत आला होता, बाहेर लख्ख दुपारच होती – दूधभात खाताना ते थांबले आणि म्हणाले, “हल्ली दिवस लहान झालेत का गं?”

मी तिथे खरं सांगू शकत होते. निदान गाडीची वेळ बदललीय, एवढं तरी. पण ज्याला पुढचा प्रश्न फुटत नाही असं उत्तर शोधायची मला धंद्याची सवय. मी म्हणाले, “हो अण्णा. थंडीचे दिवस आहेत ना.”

“तरीच,” ते म्हणाले. “मग स्वेटर दे माझा.”

मी ट्रंकेतून काढून दिला. आईने विणलेला, करड्या रंगाचा, बिनबाह्यांचा. बटणं मीच लावली.

त्यानंतर हिवाळा मला सांभाळावा लागला. त्या वर्षी मी गुढी उभारली नाही. यशोदा पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन आली, ती मी दारातच अडवली.

“का ओ ताई? आण्णांना डोंगराची मैना नको व्हय यंदा? दरसाली तर वाट बघत्यात.”

“पोट बरं नाही त्यांचं.”

“चार खाल्ल्यानं काय व्हतं?”

मी द्रोण तिच्या हातात परत दिला. अण्णा आतून म्हणाले, “कोण गं? वास कसला येतोय?” करवंदाचा वास त्यांना दुरूनही कळायचा. मी म्हणाले, कसला वास, काही नाही. त्यांच्या हयातीतला तो शेवटचा उन्हाळा, आणि त्यात एकही करवंद त्यांच्या तोंडात गेलं नाही.

त्या भिंती जाड होत्या, आत गारवा असायचा, तरी चैत्र तो चैत्रच. एकदा त्यांचा हात हातात घेतला तर तळवा ओला. कपाळावर घाम. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “थंडीत घाम येतोय बघ. म्हातारपणी सगळं उलटंच होतं.” आणि हसले. आपल्या शरीराला नाव ठेवून मोकळे झाले.

मी कपाळ पुसलं. स्वेटर काढा म्हणाले नाही.

यशोदाने एकदा पाहिलं. डबा विसरला म्हणून ती पाचच्या सुमारास परत आली. अण्णा पांघरूण घेऊन झोपलेले, दारातून आलेलं ऊन त्यांच्या पायांपर्यंत पोचलेलं.

“आण्णा निजले? आजून ऊन हाय की.”

“कणकण आहे जरा.”

ती त्यांच्याजवळ गेली, कपाळाला हात लावून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. “ताप नाय,” एवढंच म्हणाली. डबा घेतला, जाताना पदर खोचत अण्णांच्या पायांवरचं पांघरूण थोडं बाजूला केलं. ती गेल्यावर मी ते पुन्हा नीट केलं.

वैशाखात एका सकाळी, मी शिट्टी लावायच्या आधीच, अण्णा गेले. डॉक्टर म्हणाले, झोपेत गेले, वय झालं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी त्या बाईला हात केला होता आणि म्हणाले होते, “आज आवाज जरा दमल्यासारखा वाटला तिचा.” आवाज तोच होता. स्पीकरचा सेल उतरला होता.

त्यांच्या अंगात स्वेटर होता. अंघोळ घालायच्या आधी यशोदा बटणं काढत होती. बाहेर माणसं पंच्याने वारा घेत उभी होती. तिने हात थांबवले आणि विचारलं, “ताई, वैशाखात सोटर?”

मी म्हणाले, “त्यांना थंडी वाजत होती.”

थंडी वाजते असं ते एकदाही म्हणाले नव्हते. थंडी आहे असं मी म्हणाले होते.