खरवडलेला वाढदिवस

नेदरलँड्समधल्या नायमेखनमध्ये माझ्या घराखालच्या बेकरीसमोर एक बाक आहे. त्यावर रोज सकाळी एक डच आजी बसायच्या. शंभरीला टेकलेल्या, पण ताठ. अर्धा पाव घ्यायच्या आणि बाकाचा रंग नखाने खरवडत बसायच्या. मला वाटायचं, म्हातारपणाचा चाळा.

एकदा मी शेजारी टेकलो, तर आपणहून बोलल्या. "दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आमच्या गल्लीत दोन बेकऱ्या होत्या. एक आम्हा प्रोटेस्टंटांची, एक कॅथलिकांची. त्यांचा पाव आमच्या घरात येत नसे. आणि माझ्या बहिणीने त्याच बेकरीवाल्याच्या मुलाशी लग्न केलं."

इथे घरोघरी संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं. वर्ष बदललं तरी तेच चालतं. आजींच्या वडिलांनी त्यावरचं त्या बहिणीचं नाव ब्लेडने खरवडून काढलं.

"तुम्ही लहान होतात," मी म्हणालो. असलं पुळचट सांत्वन मला पटकन सुचतं.

"आठ वर्षांची. पण वडील गेल्यावर ते कॅलेंडर माझ्याकडे आलं, तेव्हा मी चाळिशीत होते. मीही तिचं नाव परत लिहिलं नाही."

आमच्या ताईने जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा बाबांनी तिला फॅमिली ग्रुपमधून काढलं. मी त्या वेळी मीटिंगमध्ये होतो, असं सगळ्यांना सांगतो. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. ग्रुपचा अ‍ॅडमिन आता मीच आहे.