फटफटीनं कवच सोडलं

केजात आमच्या काकांनी फटफटीला किक मारली की तिकडं पार कडा गावच्या साखर कारखान्याचा भोंगा लाजून गप व्हायचा. मधलं अंतर मलाही ठाऊक आहे. पण तो आवाज ज्यानं ऐकला तो अंतर मोजत बसत नाही. गाडी विलायती. आजोबांनी हैदराबादच्या कुण्या साहेबाकडून घेतलेली. तिचे कागद वाळवीनं असे फस्त केले की आमच्या कपाटातली वाळवी सात पिढ्या साक्षर निघाली.

काकू दोन वर्षांपासून परदेशात, लेकीकडं, नातवाला सांभाळायला. काका इथं एकटे, पिठलं करपवत. लेक रोज फोनवर "या" म्हणायची. काकांचं एकच, "फटफटी येत आसंल तर मी येतो. न्हाईतर न्हाई."

शेवटी मी मुंबईच्या एका एजंटाला गाठलं. बोटीनं माल बाहेर पाठवणं हा त्याचा धंदा. कागद नाहीत म्हटल्यावर तो आधी पोटभर हसला.

"चासी नंबर तरी आहे ना? तो असला तर चोरीची नसल्याचा पोलिसांचा दाखला, प्रतिज्ञापत्र, आरटीओचं पत्र, सगळं बघता येईल. नंबर नसला तर गाडी विसरा."

नंबर होता. हँडलच्या खाली, गाडीच्या मानेवर ठोकलेला. पण चाळीस वर्षांत तो कुणी पाहिला नव्हता. दर खंडेनवमीला काकू नेमक्या तिथंच तेलात कालवलेला शेंदूर अंगठ्यानं दाबून लावायच्या. थरावर थर चढून गाडीला गलगंड झाला होता.

मी उलथणं घेऊन पुढं झालो तसे काका आडवे आले.

"हात लावू नको बे! कावून खरवडतो? शेंदराचं कवच मारुती सोडतो ते आपणहून. माणसानं काढायचं नसतं."

"काका, मारुतीला बोटीत बसायचं नसतं."

"तोंड लई चालतंय तुजं."

मग व्हिडिओ कॉल लावून काकूंनाच विचारलं. शेंदूर त्यांच्या अंगठ्याचा, निकालही त्यांचाच. त्यांनी चष्मा चढवून गाडी पाहिली. मग काकांना पाहिलं, बराच वेळ.

"अवो, किती वाळलात," त्या म्हणाल्या. "खरवडू नका. कोमट तेल सोडा त्याच्यावर आन् मारा किक. देवाच्या मनात आसंल तर सुटंल. न्हाई सुटलं तर बसा तिथंच पिठलं खात."

काकांनी तेल सोडलं. पायजमा वर खोचला. तिसऱ्या किकला गाडी अशी गरजली की स्टँडावरची एसटी आपोआप मागं सरकली, साक्षीदार आहेत. सगळं लोखंड थरथरत होतं. त्या थरथरीत शेंदराचा तो गोळा मानेवरून सुटला, टाकीवर घरंगळला, आणि काकांनी वरच्या वर झेलला. अख्खाच्या अख्खा. इथं मी तिखटमीठ लावत नाही. लावायला जागाच नाही.

लोखंडावरचे अंक लखलखीत, काल ठोकल्यासारखे. गंजाचा ठिपका नाही. तेलाशेंदरानं एवढी वर्षं त्यांना पोटाशी धरलं होतं. आणि कवचाच्या आतल्या अंगाला तेच अंक उमटलेले, उलटे, फुगीर. काकांनी कवच फोनसमोर धरलं. काकूंनी तिकडूनच हात जोडले.

नंबर विलायतेत, गाडीच्या कारखान्याला कळवला, तर तिथल्या जुन्या वह्यांतून उत्तर आलं: होय, ही आमच्याच इथं घडली, रंग काळा, हैदराबादेला रवाना. आमच्या गल्लीनं ते उत्तर उभं राहून ऐकलं. सातासमुद्रापलीकडं आपल्या फटफटीचा जन्म कुणीतरी लिहून ठेवला होता! त्या एका नंबरावर दाखले निघाले, शिक्के बसले, चकरा मारून माझ्या दोन चपला झिजल्या.

फटफटीचा लाकडी खोका ट्रकमध्ये चढला, त्याच दुपारी काका व्हिसासाठी फोटो काढायला गेले.

"हसू नका, तोंड मिटा," फोटोवाला म्हणाला.

अकरा फोटो वाया गेले.