आमच्या सिस्टर आणि माझा खांदा

सिस्टर आठ वर्षं आमच्या घरी येत होत्या, पण त्यांना खुर्चीवर टेकलेलं मी एकदाच पाहिलं. चहा उभ्याने, फोन चालता चालता, आणि बोलत असताना हात काही ना काही आवरत असायचे. आई म्हणायची, "सिस्टर, दोन मिनिटं बसा तरी." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "बसले की पाय इचारत्यात, बाई, नोकरी गेली का काय?" खरं तर नोकरी केव्हाच संपली होती. सरकारी दवाखान्यात भाजलेल्यांच्या वॉर्डात उभं आयुष्य काढून त्या निवृत्त झाल्या आणि महिन्याभरात आमच्या दारात स्कूटी लावून उभ्या राहिल्या. मी तेव्हा सोळा वर्षांची होते.

माझी कातडी जन्मापासून नाजूक आहे. तिचे थर एकमेकांना धरून राहत नाहीत. कपड्याची शिवण घासली, कुणी हाताला धरून ओढलं, एवढंही पुरतं. फोड येतो, फुटतो आणि जखम होते. साऱ्या देशाला चादरी आणि टॉवेल पुरवणाऱ्या सोलापुरात आमच्या घरी एकही टॉवेल नव्हता, कारण त्याच्या धाग्यांत माझी कातडी अडकायची. मी आजीच्या जुन्या लुगड्यांनी अंग टिपायची. बोटंही जखमा भरता भरता एकमेकांना चिकटत गेली. आज उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं कामाची आहेत. डाव्या खांद्यामागे तळहाताएवढी एक जखम होती. ती चार वर्षं भरलीच नव्हती.

सिस्टर मूळच्या जेऊरकडच्या. पेशंटशी बोलताना त्यांची भाषा स्वच्छ असायची. पण घाई झाली, राग आला किंवा आनंद झाला की गाव बाहेर यायचं. नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार ते आमच्याआधी त्यांना ठाऊक असायचं, कारण जुन्या पट्ट्या मिठाच्या पाण्यात भिजवल्याशिवाय सोडवता येत नसत. पट्टी सुटली की त्या आधी तिचा वास घ्यायच्या. मला किळस यायची. "नाकानं वाचायची असती जखम," त्या म्हणायच्या, "डोळं मागनं." नवा फोड दिसला की स्वच्छ सुईने त्यातलं पाणी काढायचं, पण वरची कातडी काढायची नाही, हा त्यांचा कायदा. "फुकटची पट्टी हाय ती. कशाला फेकतीस?"

आई जखमांना हात लावत नसे. मी पंधरा दिवसांची असताना तिने मला अंघोळीतून उचललं आणि माझ्या पायाची कातडी तिच्या हातात आली. त्यानंतर तिने शिवणी बाहेर काढून माझे कपडे शिवले, माझ्यासाठी मऊ खिचडी घोटली, सगळं केलं. पण ड्रेसिंगच्या वेळी ती पदराचं टोक पिळत दाराबाहेर फेऱ्या मारायची. आत सिस्टर एका जागी थांबत नसत, बाहेर आई. मधे मी, अंगभर खाज घेऊन. दुखणं सोसता येतं, पण भरत आलेल्या जखमेची खाज माणसाला वेड लावते. खाजवलं की सगळं पहिल्यापासून.

मग पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की परदेशात या आजाराच्या जखमांसाठी एक जेल निघालं आहे. भूर्जाच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून करतात, आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं. आपल्याकडे दुकानात नाही. मागवायला कागद, परवानगी, पुन्हा कागद. बाबांनी नव्या पेठेतल्या आमच्या कापडाच्या दुकानातून त्या काळात जेवढी पत्रं पाठवली तेवढी बिलंही फाडली नसतील. सात महिन्यांनी खोकं आलं. आत छोट्या ट्यूब ओळीने लावलेल्या. सिस्टरांनी सोबतचं इंग्रजी पत्रक मला तीन वेळा वाचून मराठीत सांगायला लावलं. "एक मिलिमीटर जाडीचा थर," मी सांगितलं. त्यांनी विचार केला. "म्हंजी पापडाएवढा. पोळीएवढा न्हाय. बरं, चोळायचं का?" "नाही, नुसतं पसरायचं, वरून न चिकटणारी पट्टी." "हां. मग जमतंय."

आईने देवापुढे दिवा लावला होता. मी पाठ करून बसले. सिस्टरांनी खांद्याची पट्टी सोडवली, वास घेतला, मग वाकून पुन्हा एकदा घेतला.

"आज नाही," त्या म्हणाल्या.

"का?"

"जखम बिघडली आहे. हिरवट पाणी आहे, वास आहे. तूच वाचलंस ना, जंतू झाले असतील तर थांबा म्हणून? आधी हे निवळू दे."

मी आयुष्यात कुणावर इतकी ओरडले नव्हते. "सात महिने थांबले! अजून किती? तुम्हाला काय जातंय? अंग माझं आहे!" दाराबाहेरून आईही म्हणाली, "सिस्टर, थोडंसं लावून तरी बघा." सिस्टरांनी नेहमीचं ड्रेसिंग केलं, खोकं बंद केलं आणि चहा न घेता निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी स्कूटी आली. आदल्या दिवसाचं त्यांनी नावही काढलं नाही. डॉक्टरांशी बोलून औषध सुरू केलं. ते अठरा दिवस मला आठवतात. मी खोलीत फेऱ्या मारायची, टाचेला फोड आला की बसायची, बसवेना म्हणून पुन्हा उठायची. खोकं कपाटात होतं आणि माझं लक्ष दिवसभर कपाटाकडे. बाबांनी पुढे सांगितलं की सिस्टर रोज जाताना दुकानात डोकावायच्या आणि विचारायच्या, "तिनं परस्पर लावलं न्हाय न्हवं?" माझ्यापेक्षा त्यांचाच जीव जास्त वरखाली होत होता.

एकोणिसाव्या दिवशी त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "काढ ट्यूब."

जेल थंड लागलं, एवढंच. मला काहीतरी घडल्यासारखं वाटायला हवं होतं, पण काही घडलं नाही. जखम पाठीमागे, मला दिसायची नाही. म्हणून सिस्टर दर सोमवारी तिच्यावर स्वच्छ पारदर्शक कागद धरून पेनाने कड गिरवायच्या आणि तो कागद पुसून माझ्यापुढे ठेवायच्या. तीन सोमवार आकार तोच. चौथ्या सोमवारी एका बाजूने कड आत सरकली होती, नखाएवढी. सिस्टरांनी दोन कागद एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरले. "बघ की गं," त्या म्हणाल्या, "हितनं बघ! आली का न्हाय आत?"

एकदा फ्रिजमध्ये त्यांना अर्धी वापरलेली ट्यूब सापडली. आईने ठेवली होती. ट्यूब एकदा उघडली की उरलेलं फेकायचं, हा नियम. सिस्टरांनी ती आईसमोरच कचऱ्यात टाकली. आई रडायला लागली, "किती वणवण करून आणलंय हो ते." सिस्टर मऊ झाल्या. "ताई, उघड्या ट्यूबमधनं जंतू गेला तर पुन्हा अठरा दिवस. सोसंल का तुमाला?" मग जरा थांबून म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही आत यायचं."

आई आत यायला लागली. पहिले काही दिवस नुसती उभी राहिली. मग तिने पट्टी हातात धरली. मग एका सकाळी खांद्यावर जेल पसरणारे हात वेगळे लागले. मी मान वळवली नाही.

त्याच आठवड्यात सिस्टर खुर्चीवर बसल्या. जिना चढून आल्या तेव्हा दम लागला होता, ओठ पांढरे. "ऊन हाय," म्हणाल्या. "आज गुडघ्याचं ड्रेसिंग तू करायचं. मी बघते." मी म्हटलं, "या बोटांनी?" "मग कुटल्या?" मला ट्यूबचं टोपण काढायला किती वेळ लागला, सांगत नाही. शेवटी दातांनी काढू गेले तर ओरडल्या. त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले होते, मदतीला धावू नयेत म्हणून. पट्टी वाकडी बसली. मी त्यांच्याकडे पाहिलं. "वाकडी हाय," त्या म्हणाल्या, "पण बसली."

त्यांचं हृदय दुबळं झालं होतं आणि हे त्यांना वर्षभर ठाऊक होतं. आम्हाला कळलं ते त्यांच्या मुलीच्या फोनवरून, मे महिन्यातल्या एका दुपारी. सिस्टर सकाळी गेल्या होत्या.

मी गर्दीत जात नाही. कुणाचा कोपर लागला तरी मला महागात पडतं. त्या दिवशी गेले. त्यांच्या वस्तीत बुद्धविहारासमोर माणसंच माणसं होती; वॉर्डात त्यांच्या हाताखाली बरे झालेले कितीतरी जण. आई माझ्यापुढे हात पसरून वाट करत चालली. त्यांची मुलगी मला पाहून म्हणाली, "तुम्ही शुभा ना? आई घरात आली की आधी तुमच्या खांद्याचं सांगायची. तुमचा चेहरा आम्हाला माहीत नव्हता, पण खांदा पाठ होता."

तेव्हा जखम नाण्याएवढी उरली होती. पुढचे पाच सोमवार आईने कड गिरवली. सहाव्या सोमवारी ती कागद धरून उभी राहिली आणि पेन टेकवायला जागाच सापडेना. तिने मला हाक मारली नाही, बाबांना मारली. बाबा दुकान उघडं टाकून आले. मला कुणाला तरी फोन करायचा होता आणि तो नंबर आता लागणार नव्हता.

जेलने जखम भरते, आजार जात नाही. आज माझ्या नडगीवर दोन नव्या जखमा आहेत. त्यांचं ड्रेसिंग माझं मी करते.

गेल्या पावसाळ्यानंतर वैरागहून एका बाईचा फोन आला. आवाज कोवळा, घाबरलेला. "सिस्टरबाईंनी उन्हाळ्यात दिल्ता नंबर. माझ्या भैनीच्या लेकराच्या अंगाला फोड येतेत म्हणून कळवलं व्हतं त्यांना. आता मलाबी तसंच झालंय लेकरू. दवाखान्यात तुमचाच आजार हाय म्हनले." दुसऱ्या दिवशी आई आणि मी निघालो.

बाळ वीस दिवसांचं, मुलगी. दोन्ही पायांना पट्ट्या. बाळाच्या आजीने ते आम्हाला दाखवायला म्हणून काखेत हात घालून उचलायला घेतलं आणि मी किंचाळले, "थांबा!" सगळे दचकले. बाळाची आई दूर भिंतीशी उभी होती, हात पदरात गुंडाळून. तिने माझ्या बोटांकडे पाहिलं, मग विचारलं, "ते झाडाचं मलम हिला लागंल का ताई?"

"ते डॉक्टर ठरवतील. हिला अजून मोठं व्हायला हवं," मी म्हणाले. "तू आधी इकडं ये. काखेत धरायचं नाही. खालची दुपटी मऊ ठेव. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, दुपट्यासकट. ओढायचं नाही, सरकवायचं नाही. सरळ वर."

"माझ्या हातनं निघंल कातडी."

"नाही निघणार. मी बघते आहे."

ती गुडघ्यांवर बसली. हात बाळाखाली जायला फार वेळ लागला. मग बाळ वर आलं, दुपट्यासकट, तिच्या छातीशी. रडलं नाही. तिचाच श्वास अडकला होता, तो सुटला.

"छान," मी म्हणाले. "आता खाली ठेव. आणि परत उचल."